अर्धा तास पाणी टाकू नका

दार उघडलं की बाई आधी ओठांवर बोट ठेवायच्या. मग चपला दाराबाहेर काढून, पदर कमरेला खोचून, तुमच्या टीव्हीकडे, देवाकडे, पसाऱ्याकडे ढुंकूनही न बघता सरळ संडासात जायच्या. तिथे फ्लशच्या टाकीला कान लावून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. आपण बाहेर आपल्याच घरात पाहुण्यासारखे ताटकळत. थोड्या वेळाने डोळे उघडायच्या आणि म्हणायच्या,

"अर्धा तास पानी टाकू नका."

घरी कोणी आलं की आपण त्यांना पाणी विचारतो. या आल्या की आपलंच पाणी बंद.

तुमच्या बिल्डिंगमध्येही असं कोणीतरी असेल. जिन्यातले दिवे बंद करत फिरणारे काका असतील, गेटची कडी लावा म्हणून खिडकीतून ओरडणाऱ्या आजी असतील. आमच्याकडे या होत्या. नाव सांगत नाही, सगळी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणायची. किन्हवलीकडच्या एका गावात त्यांनी आयुष्यभर अंगणवाडी चालवली होती. निवृत्त झाल्यावर शहापुरात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन एकट्या राहायच्या. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली एक खुर्ची, खिडकीशी एक कॉट. आम्ही त्यांच्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मी मुरबाडला एका शाळेत क्लार्क आहे, सकाळची एसटी धरते, संध्याकाळच्या एसटीने परत येते.

त्यांची तपासणी सोपी होती. टाकीचं झाकण उचलायचं, आत चमचाभर रंग टाकायचा आणि अर्धा तास कोणी फ्लश ओढायचा नाही. तेवढ्यात खाली भांड्यात रंग दिसला, तर टाकीतला रबरी वायसर गेला आणि पाणी आपोआप गळतंय असं समजायचं. नाही दिसला, तर टाकी ठीक. अर्धा तास झाला की बाई वाकून भांड्यात बघायच्या. "उतरला नाय. बरं हाय. टाका आता पानी," म्हणायच्या आणि चपला घालून चालू पडायच्या.

याची सुरुवात एका वाईट उन्हाळ्यात झाली. आमची बिल्डिंग किन्हवली रस्त्याला आहे. मार्च सरला की बोअर धापा टाकायला लागतो, मग टँकर. तालुक्यात धरणं आहेत, त्यांचं पाणी खालच्या मोठ्या शहरांना जातं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. टँकर आला की गच्चीवरची टाकी भरायची आणि एकमेकांशी भांडायचं. त्या वर्षी सकाळी भरलेली टाकी दुपारी खडखडीत व्हायला लागली. माणसं कामावर, निम्मी घरं कुलपात, मग पाणी प्यालं कोण? मीटिंगमध्ये जो तो दुसऱ्याच्या वॉशिंग मशीनकडे बोट दाखवत होता. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या.

"संडासात जातंय," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. अंगणवाडीच्या बाईंना पोरांच्या शी-शूपुढे काही सुचत नाही, असं कोणीतरी हळूच म्हणालंसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून बाई दारोदार फिरायला लागल्या. चौथ्या मजल्यावर नवरा-बायको दोघं मास्तर, दिवसभर घर बंद. त्यांच्या टाकीतून पाणी असं वाहत होतं की रंग टाकायचीही गरज पडली नाही. वायसर बदलला आणि गच्चीवरची टाकी संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. त्या दिवसापासून कोणाच्याही संडासात शिरायचा हक्क आपल्याला मिळाला, असं बाईंनी धरून टाकलं.

त्या चुकत नव्हत्या असं समजू नका. चांगल्या चुकायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात तुमचं पाणी वाजतंय म्हणून त्या हटून बसल्या. रंग टाकला, उतरला नाही. परत टाकला, परत उतरला नाही. शेवटी कळलं की आवाज हॉलमधल्या माशांच्या काचपेटीचा आहे. बाई पेटीपुढे उभ्या राहिल्या, माशांकडे बघत. "ह्यांना कशाला लागतंय चालतं पानी?" एवढंच म्हणाल्या. चुकलं म्हणून तोंड पाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पाणी त्या खेपांमध्ये मोजायच्या. त्यांच्या वाडीची विहीर टेकाडाखाली होती. हंडा-कळशी घेऊन उतरायचं आणि भरून वर यायचं, ही एक खेप. टाकी थेंब थेंब गळत असली तर दिवसाला एक खेप गेली, बारीक धार असली तर "बाईमानसाची आख्खी सकाळ गेली." एकदा मी विचारलं, "बाई, हे सगळं कशाला करता? पाय दुखतात तुमचे." मला वाटलं, विहिरीवरचं काही दुःख सांगतील. त्या म्हणाल्या, "झोप लागत नाय गो मला, पानी वाजत आसलं तं."

आता रंगाचं सांगते, कारण सगळं रामायण त्या रंगामुळेच झालं.

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे कुंकू मागितलं. चिमूटभर दे, म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, कुंकू संडासात?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर काही नसायचं. "बरं, तुझं नको," म्हणाल्या. शेजारणीकडे हळद मागितली, तिने कानावर हात ठेवले. किराणावाल्याकडून जिलेबीचा रंग आणला, तर सेक्रेटरी म्हणाले, केशरी आहे, वरच्या मजल्यावरच्या पक्षवाल्या पोराला कळलं तर निषेधाचं पोस्टर लावेल. मग मीच म्हटलं, "कपड्याची नीळ घाला ना. निळा छान दिसेल पांढऱ्या भांड्यात." बाई तटकन म्हणाल्या, "निळा नाय." माझं कुंकू नको, त्यांचा निळा नको, फिट्टंफाट झाली.

मग उरलेल्या कोऱ्या चहाचा प्रयोग झाला. पण संडासात तांबूस काही दिसलं तर त्यावरून काय समजायचं, यावर एकमत होईना. शेवटी बीट निघालं. बीट कोणाचंच नव्हतं. किसून, पाण्यात उकळून, गाळून बाई ते एका औषधाच्या बाटलीत भरायच्या आणि बाटली घेऊन फिरायच्या.

रंग टाकला की त्या संडासाच्या दाराशी जमिनीवर बसायच्या, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून. खुर्ची दिली तरी नको. चहा तर नकोच. "चा पिलं की जावं लागतंय," म्हणायच्या. आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिला नेमकं त्याच अर्ध्या तासात जायचं असायचं.

"बाई, मला लागलीय हो."

"दाब."

"किती वेळ?"

"अंगनवाडीतली पोरं दाबायची, तू तं बी.कॉम. हायस."

तो अर्धा तास बाई फारसं बोलायच्या नाहीत. बोलल्याच तर गावातल्या बायकांबद्दल. दर गुरुवारी त्या किन्हवलीच्या बसने गावाला जायच्या. ज्यांना त्यांनी अंगणवाडीत वजनकाट्याच्या झोळीत टांगलं होतं, त्या पोरी आता दोन-दोन लेकरांच्या आया झाल्या होत्या. बस थांबली की त्या सगळ्या "बाई आल्या, बाई आल्या" करत यायच्या. बाईंच्या इथल्या खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. ती बस गेली की त्या गुरुवार नसला तरी उठून बघायच्या.

आणि मग ते बीट.

वरच्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले एक आजोबा मुलगा-सुनेकडे राहायचे. दुपारी सून बाईंना आत घेऊन बाजारात गेली, आजोबा झोपलेले, आणि बाईंनी त्यांच्याकडे टाकीत बीट टाकलं. तेवढ्यात खालून गॅसवाल्याने हाका मारल्या म्हणून बाई स्वतःचा सिलिंडर घ्यायला उतरल्या. इकडे आजोबा उठले, संडासात गेले, उठून मागे बघतात तर भांडं लालभडक.

आजोबांनी आरडाओरडा केला नाही. शांतपणे इस्त्रीचा सदरा घातला, मुलाला फोन लावला आणि म्हणाले, "मला खालून रक्त जातंय. ये." मुलगा धावत आला, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शहाण्यासारखं पहिलं हेच विचारलं, बीट खाल्लं होतं का? आजोबा म्हणाले, "जन्मात बीटाला तोंड लावलं नाही." झालं. डॉक्टरांचा चेहरा बदलला आणि आजोबांना जीपने कल्याणला तपासण्यांना धाडलं.

बाई सिलिंडर लावून बऱ्याच वेळाने परत वर गेल्या. दार उघडं, घर रिकामं, भांड्यात लाल रंग. त्या इतक्या खूश झाल्या की जिन्यात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "उतरला! मी सांगत व्हते!" ऐकायला कोणी नव्हतं. टाकी खरोखरच गळत होती, बाई त्या दिवशी अगदी बरोबर होत्या. पण आजोबा कल्याणहून नळ्या-सुया सोसून परत आले, तेव्हा हे कोणाला सांगणार?

आम्ही आठवडाभर हसलो. आजोबांच्या मुलाला मात्र हसू आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. सेक्रेटरींनी बाईंच्या मुलाला फोन केला.

मुलगा कल्याणला राहायचा. नोकरी चांगली, टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर फ्लॅट. माणूस वाईट नव्हता, आईला सारखा चल म्हणायचा. रविवारी आला आणि आम्हा नवरा-बायकोला मध्यस्थ म्हणून खाली बोलावलं. बाई कॉटवर बसल्या होत्या, आम्ही दाराशी उभे.

"आई, लोकांच्या संडासात जातेस तू. लोक मला काय बोलतात माहितंय? डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात."

"पानी गळतंय त्यांचं."

"गळू दे ना! तुझं काय जातंय? काकी, तुम्ही सांगा हिला."

मी म्हटलं, "बाईंमुळे आमची टाकी पुरते, हे पण खरं आहे." माझा नवरा म्हणाला, "आणि आमच्या मुलीला शिस्त लागली." मुलगा हसला नाही. त्याने सरळ सांगितलं, परत एक जरी फोन आला तरी इथे कुलूप लावायचं आणि कल्याणला यायचं. एकटी ठेवणार नाही.

बाईंनी खिडकीकडे बघितलं. "तिकडं मला कोन वळखतो?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाय जात आता कोनाकडं."

बाई इतक्या सहज कबूल झालेल्या मी पहिल्यांदाच बघत होते. आणि त्यांनी खरंच सोडलं. बीटाची बाटली धुऊन पालथी घातली. फक्त जिन्यात दिसायच्या. कोणाच्या तरी बंद दाराशी, हात मागे बांधून, मान किंचित वाकडी करून उभ्या. मी दिसले की दचकायच्या. "आत जात नाय गो. नुस्ती उभी हाय."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला माझा नवरा गेला.

रविवारी दुपारी जेवून आडवा झाला आणि उठला नाही. यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी चहाला हाक मारली, परत मारली, मग जाऊन बघितलं. लोक विचारतात, तेव्हा तुला काय वाटलं? मला काही वाटलं नाही. मी गॅस बंद केला, चहा उतू गेला असता. मग मुलीला फोन केला, ती पुण्याला नोकरीला होती. पुढचे दिवस माणसं येत गेली, मी चादरी काढून देत गेले, किती तांदूळ टाकायचे ते सांगत गेले. अंगावर कोणी जाड गोधडी टाकावी आणि बाहेरचं सगळं गोधडीतून ऐकू यावं, तसं चाललं होतं. गावाकडच्या बायका जवळ बसून म्हणायच्या, "रड गो, मोकळी हो." मी हो म्हणायचे. रडू येत नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायच्या. माझी नणंद तर सारखी माझ्या तोंडाकडे बघत असायची.

अशाच एका दुपारी दारात बाई उभ्या राहिल्या.

हॉलमध्ये सतरंजीवर माणसंच माणसं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सगळे एकदम गप्प झाले, दुःखाला आल्यात असं वाटलं असणार. बाईंनी पदर खोचला आणि माणसांच्या मधून वाट काढत सरळ संडासात गेल्या.

नणंद माझ्याकडे सरकली. "कोण गो ही? कुठली?" तिला नाव नको होतं, वस्ती हवी होती. मी म्हटलं, "आमच्या बाई आहेत," आणि उठून त्यांच्या मागे गेले.

बाई टाकीला कान लावून उभ्या होत्या. मला बघून हळू म्हणाल्या, "परवापासून वाजतंय तुझं. येऊ का नको, येऊ का नको करत व्हते. एवढी मानसं तुज्याकडं, सारखा फ्लश, वायसर गेला आसल. टँकर बी उद्या नाय." मग इकडेतिकडे बघितलं. "रंग नाय आनला गो मी. सोडलं व्हतं ना."

मी स्वयंपाकघरात गेले. देवाच्या फळीवर माझा कुंकवाचा करंडा होता, भरलेला. तो आणून त्यांच्यापुढे धरला. "घाला," म्हटलं. "आता मला लागत नाही."

हे मी अगदी साध्या आवाजात म्हटलं. भाजीत मीठ घाला म्हणावं तसं. बाईंनी करंडा हातात घेतला, झाकण लावलं आणि माझ्या हातात परत दिला.

"ते तुझं हाय. ठेव."

एवढं बोलून त्या खाली गेल्या. जिना उतरताना, परत चढताना त्यांच्या गुडघ्यांचा त्रास मला ऐकू येत होता. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कपड्याच्या निळीची बाटली होती. त्यांनी टाकीचं झाकण उचललं आणि दोन थेंब आत सोडले. मग दाराबाहेर जमिनीवर बसल्या, भिंतीला टेकून. मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि हॉलकडे बघून म्हणाल्या,

"अर्धा तास कोनी पानी टाकू नका. आनि बोलू बी नका. मला ऐकायचंय."

आणि काय सांगू, सगळे ऐकून गप्प बसले. अंगणवाडीच्या बाईंच्या आवाजात असतं काहीतरी. नणंदेचे यजमान मध्येच उठून आले, अवघडून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "दाबा." ते परत जाऊन बसले.

नवरा गेल्यापासून तो पहिला अर्धा तास, जेव्हा मला कोणी काही सांगितलं नाही. रड म्हणून नाही, खा म्हणून नाही, देवाची मर्जी म्हणून नाही. बाईंनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, आणि टाकीत बारीक पाणी वाजत होतं, ते मलाही ऐकू यायला लागलं. मला बरं वाटलं असं म्हणवत नाही. पण काहीतरी ऐकू आलं, एवढं खरं.

अर्ध्या तासाने दोघी वाकून बघायला गेलो. पांढऱ्या भांड्यात निळी रेघ उतरली होती, बारीक, सरळ.

"उतरला," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीजवळचा कॉक फिरवून बंद केला. "वायसर बदलंपर्यंत बादली वापरा. टाका आता पानी." निळीची बाटली टाकीवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींकडे तक्रार गेली. माझ्या नणंदेने केली. सुतकाच्या घरात भलत्याच बाईने येऊन संडास तपासला, पुरुषमाणसांना अडवलं, दुःखातल्या बाईला फरशीवर बसवलं. सगळं खरंच होतं. सेक्रेटरींनी फोन लावला, आणि रविवारी मुलगा आला.

मी खाली गेले. त्याला म्हटलं, "अरे, तक्रार माझ्या घरातून गेलीय, पण ती माझी नाही. बाई आल्या ते चांगलं झालं. त्या दिवसांत तेवढा एकच माणूस मला सहन झाला. त्यांना नेऊ नकोस."

हे मी नीट, सरळ बोलले. पण तेव्हा माझं बोलणं सगळं एकाच सुरात निघायचं, भाजीचं काय आणि मरणाचं काय. मुलाने माझ्याकडे फार मायेने बघितलं. "काकी, तुमची अवस्था मला कळते," म्हणाला. "तुम्ही नका त्रास करून घेऊ." मी परत तेच सांगितलं. त्याने मला पाणी दिलं. नवऱ्याला न रडलेल्या बाईचं कोण मनावर घेणार?

बाई कॉटवर बसून साड्यांच्या घड्या घालत होत्या. "राहू दे गो," म्हणाल्या. "आमचं ठरल्यालं व्हतं." मला फार वाईट वाटायला हवं होतं. मी त्यांच्याबरोबर साड्यांच्या घड्या घातल्या.

टेम्पो भरताना मी त्यांच्या संडासात डोकावले. त्यांच्या फ्लशची टाकी कोरडी ठणठणीत होती, कॉक बंद करून वर सुतळी बांधलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी पयल्यापासून बादलीच वापरते. टाकीचा काय भरवसा?" बिल्डिंगमधल्या सगळ्या टाक्या तपासणारी बाई स्वतःची टाकी कधी भरतच नव्हती, हे ऐकून जिन्यातले लोक हसले. मीही हसले असेन. टेम्पो किन्हवलीच्या उलट दिशेने गेला.

सुरुवातीला त्यांचे फोन यायचे. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर.

"पंधराव्या मजल्यावर कोनाचं तरी वाजतंय गो. दिसरात. वर जाऊ म्हनलं तं दारावरचा मानूस विचारतो, किधर जाना है. त्याला काय सांगू?"

"मुलाला सांगा ना."

"तो म्हनतो, हितं चोवीस तास पानी हाय, जाऊ दे." मग म्हणायच्या, "तुझं वाजत नाय ना?"

"नाही बाई. वायसर बदललाय."

"महिन्याला बघत जा."

त्यांना आमच्या भागातलं पाणी तिकडे चोवीस तास मिळतं का, कुठल्या धरणाचं मिळतं, यात रस नव्हता. पंधराव्या मजल्यावर जाता येत नाही, एवढंच त्यांना खुपत होतं. गुरुवारी किन्हवलीची बस जाते का, हेही विचारायच्या. जाते म्हटलं की बरं म्हणायच्या.

मग फोन कमी झाले. बोलताना त्या "काय? मोठ्यानं बोल," म्हणायला लागल्या. मला वाटलं रेंज नसेल.

मी महिन्याला बघत होते. त्यांनी सांगितलं म्हणून. निळीचे दोन थेंब टाकायचे आणि भिंतीला टेकून बसायचं. शाळा आणि एसटी सोडली तर माझ्या आयुष्यात ठरलेलं असं तेवढंच होतं. मुलगी आली की म्हणायची, "आई, तू त्या बाईंसारखी व्हायला लागलीस." दरवेळी वाकून बघायचे, भांडं पांढरं. रंग काही उतरायचा नाही.

या उन्हाळ्यात एका रविवारी उतरला. टाकीत पाणी स्पष्ट वाजत होतं. नवा वायसरही गेला म्हणायचा. मला का कोण जाणे, हे बाईंना सांगावंसं वाटलं. तिथेच बसून फोन लावला. मुलाने उचलला.

"काकी, जरा ओरडून बोला हं. आईचे कान गेलेत आता. मशीन घेतलं, पण लावत नाही."

मग बाई आल्या. त्यांचा आवाज बदलला नव्हता.

"कोन? तू व्हय! बरी हायस ना गो?"

"बरी आहे. तुम्ही कशा आहात?" मी ओरडले.

"आमचं समदं बरं हाय. हितं आता कुटंच वाजत नाय बघ. पंधराव्या मजल्यावर बी नाय. समद्यांनी वायसर बदलले वाटतं." त्या मनापासून खूश होत्या. "झोप लागते मला आता."

मी वाजणाऱ्या टाकीकडे बघितलं.

"तुझं वाजत नाय ना? फोन लाव बघू टाकीला."

मी फोन टाकीला लावून धरला. पाणी फोनवर सहज ऐकू जाईल एवढं वाजत होतं. खाली भांड्यात निळी रेघ उतरत होती, बारीक, सरळ. मी अर्धा तास धरला नाही, पण बराच वेळ धरला. कानाला लावला तेव्हा त्या म्हणत होत्या,

"नाय वाजत. बरं हाय."

"हो बाई," मी ओरडून सांगितलं. "उतरला नाही. बरं आहे."

"मंग टाक आता पानी."

फोन ठेवला आणि मी कॉक फिरवून बंद केला. टाकी वाजायची थांबली. घरात कसलाच आवाज उरला नाही. मी तिथेच फरशीवर भिंतीला टेकून बसले, आणि मला रडू आलं. चांगलं मोठ्याने. बाईंसाठी आलं की नवऱ्यासाठी, ते मी तपासत बसले नाही.